कलोपचारकांचे शिक्षण आणि विद्यापीठांचे सहकार्य

कलेने मनाला विसावा मिळतो, ही गोष्ट कोणी कोणाला शिकवावी लागत नाही. जात्यावर बसलेल्या बाईचे श्रम ओवीने हलके होतात, भजनात रमलेला माणूस घटकाभर प्रपंच विसरतो, आणि आजारातून उठलेल्या मुलाच्या हाती पाटी-पेन्सिल आली की त्याची कुरकुर थांबते. परंतु विसावा निराळा आणि उपचार निराळा. आल्याचा काढा घरातील कोणीही करून देते. त्यासाठी पदवी लागत नाही. मात्र रोगाची परीक्षा करून औषधाची मात्रा ठरविणाऱ्या माणसाला आपण त्याचे शिक्षण विचारतो. चित्र, संगीत, नृत्य व नाट्य यांच्या साहाय्याने रुग्णावर उपचार करणाऱ्यालाही तोच प्रश्न विचारला पाहिजे: आपण हे कोठे शिकलात, आणि कोणाच्या हाताखाली शिकलात? या प्रश्नाला समाधानकारक उत्तर देता यावे म्हणून निरनिराळ्या देशांतील विद्यापीठे एकत्र कशी आली, आणि त्यांना तशी गरज का भासली, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

प्रथम शब्दाचा अर्थ स्पष्ट करून घेऊ. चित्रोपचार, संगीतोपचार, नृत्योपचार आणि नाट्योपचार या चार शाखांना मिळून आपण येथे कलोपचार असे म्हणू. ज्यांना आपले दुःख शब्दांत सांगता येत नाही, अशांसाठी हा उपचार विशेषेकरून योजला जातो. पक्षाघाताने ज्यांची वाचा गेली आहे असे रुग्ण, स्वमग्न मुले, दीर्घ मनोविकाराने ग्रासलेली माणसे, स्मृतिभ्रंश झालेले वृद्ध, युद्धाने किंवा अत्याचाराने मनावर घाव बसलेले स्त्री-पुरुष, असे अनेक प्रकारचे लोक यात येतात.

उपचार प्रत्यक्षात कसा चालतो, याचे एक साधे चित्र डोळ्यांपुढे आणावे. एक मूल बोलत नाही, कोणाकडे पाहत नाही. केवळ समोरच्या ढोलावर हात आपटीत बसते. उपचारक पियानोवर त्याच ठेक्यात सूर धरतो. मूल थांबले की तोही थांबतो. मुलाने गती वाढविली की तोही वाढवितो. काही वेळाने मूल मुद्दाम थांबून पाहते, की हा माणूस खरोखरच थांबतो काय. त्या क्षणी त्या दोघांत संभाषण सुरू झालेले असते. येथे गाणे शिकविण्याचा हेतू नाही आणि करमणुकीचाही नाही. 'दुसरे कोणीतरी आहे आणि ते माझे ऐकते आहे' हा अनुभव त्या मुलाला देणे, हा हेतू आहे.

आता याच ठिकाणी कुशल परंतु अशिक्षित माणसाला बसवून पाहू. येथे अशिक्षित म्हणजे या कामाचे शिक्षण नसलेला. एखाद्या रुग्णाने सबंध कागद काळा करून टाकला, तर सज्जन चित्रशिक्षक म्हणेल, 'असे उदास काय काढता? फुले काढा.' रुग्णाने मोठ्या कष्टाने उघडलेले दार तेथेच बंद होईल. दुसरा एखादा अर्धवट वाचलेला गृहस्थ काळ्या रंगाचा भलताच अर्थ लावून तो चारचौघांत सांगेल. त्याने होणारी हानी पहिल्याहून अधिक. कलेत दडलेले बाहेर काढण्याचे सामर्थ्य आहे, म्हणूनच ती सावधपणे हाताळावी लागते. जे बाहेर आले त्याचे पुढे काय करावयाचे, हे ज्याला ठाऊक नाही त्याने ते बाहेर काढू नये.

म्हणूनच कलोपचारकाच्या शिक्षणाला चार अंगे आहेत. पहिले अंग शास्त्राचे: मनाची वाढ, मनोविकार, शरीराच्या व्याधी यांचे ज्ञान. दुसरे अंग कलेचे. उपचारकाची स्वतःची कला पक्की हवी, कारण रुग्णाबरोबर ऐन वेळी सूर, रेषा किंवा हालचाल शोधावी लागते. पाठ केलेली चीज तेथे उपयोगी पडत नाही. तिसरे अंग प्रत्यक्ष कामाचे. रुग्णालयात वा विशेष शाळेत अनेक महिने काम करावयाचे आणि प्रत्येक बैठकीनंतर अनुभवी उपचारकापुढे बसून काय घडले, का घडले, आपण कोठे घाई केली, याची उलटतपासणी सोसावयाची. चौथे अंग ऐकून पुष्कळांना नवल वाटते: विद्यार्थ्याने काही काळ स्वतःच उपचार घ्यावयाचा. ब्रिटनमधील अभ्यासक्रमांत ही अट आहे. जो स्वतःच्या मनातील अंधारात डोकावला नाही, त्याला दुसऱ्याचा अंधार आणि आपला अंधार यांतील भेद कळत नाही, हे तिच्यामागील कारण.

ही विद्या विद्यापीठांत पोहोचण्यापूर्वी माणसांबरोबर देशोदेशी फिरली, आणि तिचा तो प्रवास नेहमीच सुखाचा नव्हता. एड्रियन हिल हे इंग्रज चित्रकार १९३८ साली क्षयाच्या उपचारासाठी ससेक्समधील मिडहर्स्ट येथील आरोग्यधामात होते. अंथरुणावर पडल्या पडल्या ते चित्रे काढीत आणि शेजारच्या रुग्णांनाही काढावयास लावीत. त्यातून आलेल्या अनुभवाला त्यांनी १९४२ साली 'आर्ट थेरपी' हे नाव दिले. नाव इंग्लंडात असे सुखरूप जन्मले, तेव्हा युरोपच्या मध्यभागी तेच काम मृत्यूच्या छायेत चालले होते. फ्रीडल डिकर-ब्रँडाइस या चित्रकर्तीला डिसेंबर १९४२ मध्ये नाझींनी तेरेझिन येथील बंदिवासात टाकले. तेथे तिने कैदी मुलांना चित्रे काढावयास शिकविले. मिळेल तो कागद, मिळेल तो रंग. ऑक्टोबर १९४४ मध्ये तिला आउश्वित्झला नेण्यात आले आणि तेथे तिचा अंत झाला. मागे राहिल्या दोन पेट्या, आणि त्यांत मुलांची सुमारे साडेचार हजार चित्रे. ती काढणाऱ्या मुलांपैकी बहुतेक जिवंत राहिली नाहीत.

या बाईची एक विद्यार्थिनी मात्र वेळीच निसटली होती. व्हिएन्नात १९१६ साली जन्मलेली एडिथ क्रेमर ही आपल्या गुरूपाठोपाठ प्रागला गेली, जर्मनीतून परागंदा झालेल्या कुटुंबांतील मुलांना शिकविताना तिने गुरूची पद्धत जवळून पाहिली, आणि १९३८ साली ती न्यूयॉर्कला पोहोचली. तेथे विल्टविक शाळेतील बिथरलेल्या मुलांबरोबर काही वर्षे काम करून तिने १९५८ साली आपला पहिला ग्रंथ लिहिला. चित्र काढण्याची क्रिया हीच बरे करणारी आहे, हा तिचा सिद्धान्त. त्याच शहरात मार्गारेट नाउमबर्ग या विदुषी निराळे प्रतिपादन करीत होत्या. त्यांच्या मते चित्र हे मनातील अबोध गोष्टी बोलत्या करण्याचे साधन होय. पुढे न्यूयॉर्क विद्यापीठात या दोन्ही विचारांचे शिक्षण मिळू लागले. प्रागमधील निर्वासितांच्या वर्गात जे बीज पडले, त्याला न्यूयॉर्कमध्ये पदवी मिळाली.

संगीताच्या बाबतीतही सीमा अशीच ओलांडली गेली, पण अधिक सुदैवाने. पॉल नॉर्डॉफ हे अमेरिकन संगीतरचनाकार आणि क्लाइव्ह रॉबिन्स हे इंग्रज शिक्षक. १९५९ साली इंग्लंडातील सनफील्ड या मतिमंद मुलांच्या वसतिगृहात हे दोघे एकत्र आले. मघाशी वर्णिलेली, मुलाच्या ठेक्याला उत्तर देण्याची पद्धत या जोडीने घडविली. एकाजवळ कला होती, दुसऱ्याजवळ मुलांची पारख. एका देशात ही दोन्ही एकत्र भेटली नव्हती.

विद्यापीठीय शिक्षण अमेरिकेत प्रथम सुरू झाले. मिशिगनमध्ये १९४४ साली आणि कॅन्ससमध्ये १९४६ साली संगीतोपचाराचे अभ्यासक्रम निघाले. व्हिएन्नाच्या संगीत अकादमीत १९५९ साली आणि लंडनच्या गिल्डहॉल विद्यालयात १९६८ साली असे शिक्षण सुरू झाले. डेन्मार्कमधील ऑल्बोर्ग विद्यापीठाने १९८२ साली आपला अभ्यासक्रम आखला. ही यादी मोठी दिसते, पण प्रत्येक ठिकाणी विद्यार्थी मूठभर आणि शिक्षक त्याहून थोडे. वैद्यकीचे महाविद्यालय शेकडो विद्यार्थी घेऊन आपल्यापुरते पुरे असते. कलोपचाराचा वर्ग तसा नसतो. एका विद्यापीठात चित्रोपचाराचा जाणकार असतो, पण नाट्योपचार शिकविणारा नसतो. दुसरीकडे उत्तम रुग्णालय जोडलेले असते, पण संशोधनाला मार्गदर्शक नसतो. परीक्षक म्हणून बोलवावे, तर देशात त्या विषयाचे जाणते दोन-तीनच, आणि तेही एकमेकांचे शिष्य. एका घरच्या विहिरीचे पाणी पुरेना, तेव्हा गावाने मिळून तलाव बांधावा, तसा हा प्रसंग होता.

असा तलाव बांधण्याचा प्रयत्न १९९१ साली झाला. इंग्लंडातील हर्टफर्डशायर, जर्मनीतील म्युन्स्टर, नेदरलँड्समधील नायमेगेन आणि फ्रान्समधील पॅरिस येथील विद्यापीठांनी मिळून कलोपचार-शिक्षणाचा एक युरोपीय संघ स्थापन केला. त्याच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून त्याला 'एकार्ते' म्हणतात. पुढे या संघातील संस्थांची संख्या तीसच्या वर गेली. विद्यार्थी व शिक्षक यांची देवघेव, संशोधनाला उत्तेजन, नव्या अभ्यासक्रमांना साहाय्य, आणि एका देशातील पदवी दुसऱ्या देशात मान्य व्हावी यासाठी खटपट, ही त्याची मुख्य कामे. ठराविक काळाने सदस्य एखाद्या शहरी परिषदेला जमतात; २०१७ साली पोलंडमधील क्राकूव्ह येथे, २०१९ साली स्पेनमधील अल्काला येथे ते जमले होते.

उद्दिष्टे कागदावर सोपी दिसतात. व्यवहारात पहिलाच धोंडा आडवा आला तो पदवीचा. नेदरलँड्समध्ये हे शिक्षण शालान्त परीक्षेनंतर चार वर्षांच्या व्यावसायिक पदवीच्या रूपाने दिले जाते. ब्रिटनमध्ये आधी पदवी आणि मग दोन वर्षांचे पदव्युत्तर शिक्षण, असा क्रम आहे. मग एकाची चार वर्षे आणि दुसऱ्याची दोन वर्षे यांचा मेळ कसा घालावा? येथे युरोपातील विद्यापीठांनी सर्वच विषयांसाठी योजिलेली श्रेयांकांची पद्धत उपयोगी पडली. विद्यार्थ्याने वर्षभर पूर्णवेळ केलेल्या अभ्यासाचे मोल ६० श्रेयांक धरावयाचे. मग एखाद्याने सहा महिने परदेशी रुग्णालयात काम केले, तर त्याचे ३० श्रेयांक त्याच्या खात्यावर जमा होतात. विद्यार्थ्यांना परदेशी धाडणारी इरॅस्मस योजना १९८७ साली सुरू झाली होती; १९९९ साली २९ देशांनी बोलोन्या येथे जाहीरनामा काढून पदव्यांची रचना एकमेकांशी जुळती करण्याचे ठरविले. कलोपचाराच्या लहानशा वर्गांना या मोठ्या रस्त्यावरून चालता आले.

दुसरा धोंडा कायद्याचा. विद्यापीठाने पदवी दिली, तरी रुग्णालयाने नोकरी दिली पाहिजे, आणि त्यासाठी व्यवसायाला राजमान्यता हवी. ब्रिटनमध्ये १९९७ साली चित्र, संगीत व नाट्य या तीन शाखांच्या उपचारकांची शासकीय नोंदणी मान्य झाली. नोंदणी नसलेल्या माणसाने आज तेथे हे नाव लावणे हा अपराध आहे. नृत्योपचार मात्र त्या नोंदणीच्या बाहेर राहिला. लाट्वियासारख्या लहान देशाने २००९ साली कलोपचारकांना आरोग्यसेवकांत स्थान दिले, आणि त्यात नृत्याची शाखाही धरली. ऑस्ट्रियात त्याच वर्षी केवळ संगीतोपचारासाठी स्वतंत्र कायदा अमलात आला. म्हणजे रीगा येथे ज्या नृत्योपचारकाला कायद्याने आरोग्यसेवक मानले, त्याचे नाव लंडनच्या नोंदवहीत बसत नाही. विद्यापीठांच्या सहकार्याने कायदे बदलत नाहीत. पण शासनाकडे जाताना 'अमुक देशांत हे शिक्षण एवढ्या वर्षांचे आहे, त्यात एवढे प्रत्यक्ष काम आहे' असे दाखविता येते. लहान देशातील थोड्या लोकांच्या मागणीला त्याने वजन येते.

तिसरी अडचण राजकारणाची. संघाच्या चार संस्थापकांपैकी एक ब्रिटनमधील. ब्रिटन २०२० साली युरोपीय संघातून बाहेर पडले, आणि २०२१ साली सुरू झालेल्या इरॅस्मसच्या नव्या टप्प्यात प्रारंभी ते सामील नव्हते. तीस वर्षे जोडलेली वाट एका निर्णयाने अडू शकते, हे त्यावरून दिसले. करार सरकारांचे असतात. संबंध मात्र माणसांचे असतात, आणि ते टिकविण्याची जबाबदारी विद्यापीठांवरच येऊन पडते.

या सहकार्याचे फळ काय, असे कोणी विचारील. मला त्याचे उत्तम उदाहरण एका यश न आलेल्या प्रयोगात दिसते. स्वमग्न मुलांना संगीतोपचाराने कितपत लाभ होतो, हे पाहण्यासाठी नॉर्वेतील संशोधकांच्या पुढाकाराने नऊ देशांत मिळून एक परीक्षण झाले. चार ते सात वर्षांची ३६४ मुले त्यात होती. एवढी मुले एका देशात, एका पद्धतीने शिकलेल्या उपचारकांपुढे आणणे जवळजवळ अशक्य होते. म्हणून आधी निरनिराळ्या परंपरांतील उपचारकांनी बसून, आपण सर्व जण नेमके कोणत्या तत्त्वांनी काम करतो, हे लिहून काढले. काही मुलांना नेहमीच्या साहाय्याबरोबर पाच महिने संगीतोपचार दिला, काहींना दिला नाही. निकाल २०१७ साली प्रसिद्ध झाला: सामाजिक व्यवहाराच्या लक्षणांत दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक पडला नव्हता. ज्यांनी या विद्येला आयुष्य वाहिले त्यांनीच हा निकाल जगापुढे ठेवला. पुढे २०२२ साली २६ अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला, तेव्हा मुलांच्या एकंदर सुधारणेबाबत अधिक अनुकूल चित्र दिसले. दोन्ही गोष्टी विद्यार्थ्यांना शिकविल्या जातात, आणि तशाच शिकविल्या पाहिजेत. आपल्या उपचाराची मर्यादा ज्याला ठाऊक आहे, त्याच्याच हाती रुग्ण सुरक्षित असतो.

आता या सहकार्यातील सर्वांत नाजूक प्रश्नाकडे वळतो. शरीरशास्त्र सर्व देशांत एकच आहे. कला तशी नाही. पाश्चात्त्य संगीतात वाढलेल्या कानाला मृदू गांधाराची स्वरपंक्ती बहुधा खिन्न वाटते. आपल्याकडे कोमल गांधाराच्या काफीत होरी गातात, आणि होरी ही रंग उधळण्याची वेळ. युरोपातील नवरी पांढरा वेष घालते. आपल्या समाजात पांढऱ्या लुगड्याने कित्येक पिढ्या वैधव्य सांगितले. परदेशी शिकून आलेल्या उपचारकाने मराठी आजीच्या चित्रातील पांढऱ्या रंगाचा अर्थ पुस्तकातून लावला, तर त्याची फसगत ठरलेली. नृत्योपचारात तर हात हाती घेणे कोठे सहज, कोठे संकोचाचे. म्हणून परदेशी शिकावयाचे ते अर्थ नव्हे. शिकावयाची ती अर्थ शोधण्याची शिस्त. परदेशी विद्यार्थी वर्गात आला की शिक्षकालाही आपले गृहीत धरलेले अर्थ पुन्हा तपासावे लागतात, आणि हा लाभ यजमान विद्यापीठाला फुकट मिळतो.

भारतात हे शिक्षण अद्याप बाल्यावस्थेत आहे. त्रिपुरा कश्यप यांच्यासारख्या काहींनी अमेरिकेत नृत्योपचार शिकून तो येथे रुजविला. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने कोलकात्याच्या 'संवेद' या संस्थेच्या सहकार्याने नृत्योपचाराची पदविका सुरू केली. पीडित मुली-स्त्रियांबरोबर संवेदने केलेल्या कामाचा अनुभव आणि विद्यापीठाची शिस्त यांचा तो मेळ होता. २०२१ साली संसदेने आरोग्याच्या सहाय्यक व्यवसायांसाठी जो कायदा केला, त्याच्या अनुसूचीत कला व नृत्य यांच्या द्वारे उपचार करणाऱ्यांचाही उल्लेख आहे. उल्लेखापासून अभ्यासक्रम, परीक्षा आणि नोंदणी येथपर्यंतची वाट अद्याप चालावयाची आहे. युरोपातील विद्यापीठांचा अनुभव तेथे उपयोगी पडेल. आपल्याकडेही एका विद्यापीठाजवळ संगीताचा विभाग आहे, दुसऱ्याजवळ मनोरुग्णालय आहे, तिसऱ्याजवळ विशेष शाळांचा अनुभव आहे. ही एकत्र आणण्यासाठी समुद्र ओलांडावा लागत नाही. ग्वाल्हेर, बडोदे, धारवाड, गोवे येथे संगीताची परंपरा घरोघर आहे. पण गायकाच्या हाती रुग्ण सोपविण्यापूर्वी त्या गायकाला पुन्हा विद्यार्थी व्हावे लागेल, हे मान्य केले पाहिजे.

संगीताने वा चित्राने व्याधी बऱ्या करतो असे सांगणारे आज शहरोशहरी भेटतात. त्यांत मनापासून काम करणारे आहेत, आणि नुसती पाटी लावणारेही आहेत. रुग्णाच्या घरच्या माणसांना त्यांतील निवड करता यावी असे साधन विद्यापीठांनी व शासनाने अद्याप त्यांच्या हाती दिलेले नाही. ते मिळेपर्यंत घरच्यांनी तीन प्रश्न अवश्य विचारावेत: आपण कोणाजवळ शिकलात, रुग्णांबरोबर किती काळ देखरेखीखाली काम केलेत, आणि आजही अडचण आली तर कोणाचा सल्ला घेता? ज्याचे शिक्षण नीट झाले आहे, त्याला या प्रश्नांचा राग येणार नाही. शिकत असताना त्याच्या गुरूने हेच प्रश्न त्याला प्रत्येक आठवड्याला विचारलेले असतात.